घाम मोजणारी पदवी

आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेच्या, पिशवीत एक फॉर्म असतो. सगळे त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. गावातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा. वय किती, तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर, बीपी आहे का. त्यातच एक प्रश्न असतो : आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का? ‘होते’ म्हटलं तर शून्य गुण, ‘नाही’ म्हटलं तर एक. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करून घ्यायची.

पालघर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर आवणीच्या दिवसांत हा प्रश्न विचारला, तर समोरची बाई उत्तर देण्याआधी आशाताईंच्या तोंडाकडे बघेल. पहाटे पाणी भरून झालेलं, मग राबातली रोपं उपटून मुठी बांधायच्या, आणि नंतर दिवसभर गुडघाभर चिखलात कमरेतून वाकून लावत सुटायचं. तिची दीडशे मिनिटं सोमवारी सकाळीच भरतात. तिथून वीसेक किलोमीटरवर, बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला ऑपरेटर मात्र आठ तासांच्या पाळीत खुर्चीवरून उठतो तो चहाला आणि लघवीला. घरी गेल्यावर तो म्हणतो, आज फार दमलो. तेही खोटं नसतं.

एक शरीर दमतं ते कष्टाने, दुसरं बसून बसून. या दोघांना आरोग्याचा सल्ला द्यायचा तर तो एकच कसा असेल? हा प्रश्न पडला की माणूस एका विद्याशाखेच्या दारात येतो. परदेशातल्या विद्यापीठांत ती ‘एक्झरसाइज सायन्स अँड हेल्थ प्रमोशन’ या लांबलचक नावाने पदव्युत्तर पातळीवर शिकवली जाते. मराठीत व्यायामविज्ञान आणि आरोग्यसंवर्धन म्हणू. आपल्याकडे असं काही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जिमचा ट्रेनर येतो, नाहीतर शाळेतले शिट्टीवाले पी.टी.चे सर. दोघांचंही काम मोलाचं आहे, पण ही पदवी त्या दोघांचीही नाही.

तिचे दोन भाग आहेत. पहिला शरीराचा : स्नायूला प्राणवायू किती लागतो, हृदय तो किती पोहोचवू शकतं, उन्हात काय बदलतं, वजन उचलताना मणक्यावर भार कुठे येतो. दुसरा भाग माणसांचा : हे सगळं कळूनही माणूस चालायला का बाहेर पडत नाही, आणि तो पडावा म्हणून गावाने, कारखान्याने, सरकारने काय करायचं. पहिल्या भागात मास्क लावून ट्रेडमिलवर धावणारा माणूस असतो, दुसऱ्यात संख्याशास्त्र, मुलाखती आणि आराखडे. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच्या ओढीने येतात आणि दुसऱ्यात अडकतात.

गंमत म्हणजे या शास्त्राचा पाया घालण्यात खेळाडूंइतकाच कामगारांचा वाटा आहे. अमेरिकेत १९२७मध्ये हार्वर्डला एक प्रयोगशाळा निघाली. तिचं नावच ‘फटीग लॅबोरेटरी’, म्हणजे थकव्याची प्रयोगशाळा. जागा कुठे, तर व्यवस्थापन शिकवणाऱ्या शाळेच्या तळघरात. कारखान्यातला माणूस का थकतो, हे मालकवर्गाला कळायला हवं होतं आणि शास्त्रज्ञांनाही. तिथल्या मंडळींनी ट्रेडमिल तर वापरलीच, पण वाळवंटात ज्या प्रचंड धरणाचं काम चाललं होतं, त्या हूवर धरणाच्या कामगारांचा घामही तपासला. उन्हात काम करणाऱ्यांच्या पोटात, पायात गोळे येत होते. घामाबरोबर पाणीच नव्हे, मीठही जातं आणि नुसतं पाणी पिऊन ते भरून येत नाही, हे तिथे पक्कं झालं. ही प्रयोगशाळा १९४७मध्ये बंद पडली, पण तिथून बाहेर पडलेल्यांनी हा विषय जगभर नेला.

दुसरी गोष्ट लंडनच्या बसची, आणि ती जरा निवांत सांगण्यासारखी आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांना हृदयविकार कुणाला होतो याचा शोध घ्यायचा होता. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर आणि कंडक्टर अशी जोडी असे. दोघांचा पगार, वस्ती, खाणंपिणं थोड्याफार फरकाने सारखं. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना चढतोय-उतरतोय. कामाच्या एका दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. मॉरिस यांनी १९५३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे मांडले : कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तरी तो कमी जीवघेणा ठरत होता. आज हे वाचून कुणी चमकणार नाही. तेव्हा मात्र, चालण्याफिरण्याचा हृदयाशी असा थेट संबंध असेल, हे अनेक डॉक्टरांना पटत नव्हतं.

खरी मजा पुढे आहे. कुणीतरी विचारणारच, की मुळात अंगाने जड असलेली माणसंच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील तर? मग जिन्याचं श्रेय कशाला? मॉरिस यांनी काय करावं? बस कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या. कुणाच्या पँटची कंबर किती, हे तिथे शिंप्याच्या हिशेबाने लिहून ठेवलेलं. १९५६मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या, तरुण वयातल्यांच्याही. म्हणजे शंका अगदीच फोल नव्हती. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षात भोक पाडू शकेल असा पुरावा स्वतःच शोधून छापायचा, ही या विद्याशाखेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. पदव्युत्तर वर्गात संशोधनपद्धतीच्या पहिल्याच आठवड्यात ही पँटची कथा सांगायला हवी. मॉरिस स्वतः पोहत, चालत राहिले आणि २००९मध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना गेले. (आपल्या मुंबईत बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३मध्ये थांबल्या. त्यांच्या कंडक्टरांच्या कमरा कुणी मोजल्या असत्या तर!)

तर, हालचाल चांगली. मग आवणी करणारी बाई आणि बोईसरच्या गोदामात दिवसभर गोण्या वाहणारा हमाल यांची हृदयं सर्वांत ठणठणीत असायला हवीत. इथेच गाडी रुळावरून घसरते.

डेन्मार्कचे आंद्रेयास होल्टरमान आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं एका विरोधाभासाचा पाठलाग करत आहेत. फावल्या वेळात केलेली हालचाल आयुष्य वाढवते, पण कामावर करावी लागणारी जड हालचाल तसं करताना दिसत नाही. २०१८मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा फार अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका इतरांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त दिसला. गरिबी, तंबाखू, धूळ, वाईट घरं यांचा त्यात हात किती, यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. पण शरीराच्या बाजूनेही कारणं सांगता येतात. व्यायाम थोडा वेळ असतो, जोराचा असतो आणि मग विश्रांती असते. कष्ट मध्यम जोराचे, पण आठ-दहा तास चालतात. नाडी आणि रक्तदाब दिवसभर वर राहतात आणि रात्रीही नीट उतरत नाहीत. आणि धावायला गेलेला माणूस दम लागला की थांबतो. ट्रक रिकामा करणाऱ्याने कधी थांबायचं, हे ट्रकवाला ठरवतो.

श्रमशास्त्रात याचा एक ढोबळ हिशेब आहे. एखाद्याचं शरीर जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू वापरू शकतं, त्याच्या साधारण एक तृतीयांशापर्यंतचं काम तो आठ तास रेटू शकतो. त्याच्या वर गेलं की थकवा साचत जातो. आता मेख अशी, की हे ‘जास्तीत जास्त’ प्रत्येकाचं वेगळं. जव्हार-मोखाड्याकडून कामाला आलेला, लहानपणी पोटभर न मिळालेला, अंगात रक्त कमी असलेला मजूर आणि भरपूर खाऊन वाढलेला मजूर यांच्या पाठीवरची गोणी सारखीच असते. पहिल्यासाठी ती मर्यादेबाहेरची असते, दुसऱ्यासाठी नसते. श्रीलंकेच्या चहामळ्यांत १९७०च्या दशकात हे मोजून पाहिलं. रक्तक्षय असलेल्या बायकांची श्रमक्षमता कमी होती आणि लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांची पानं खुडण्याची गती वाढली. म्हणजे ट्रेडमिलवर माणसाला चढवण्याआधी त्याचं हिमोग्लोबिन बघावं. पालघरसारख्या जिल्ह्यात तर बघावंच.

गोणीचाही हिशेब आहे. उचलताना पाठीला इजा होऊ नये म्हणून अमेरिकेच्या श्रमसुरक्षा संस्थेने १९९१मध्ये सुधारलेल्या सूत्राची सुरुवात २३ किलोपासून होते. तेही सगळं आदर्श असेल तर : ओझं अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, वळावं न लागता. ओझं लांब गेलं, खाली गेलं, वारंवार उचलावं लागलं की आकडा उतरत जातो. आपली सिमेंटची गोणी ५० किलोची. महाराष्ट्राने १९६९मध्ये माथाडी कायदा केला, तो देशात अशा तऱ्हेचा पहिला. त्याने हमालाला मंडळ दिलं, मजुरीची हमी दिली. कायद्याच्या नावातच ‘माथा’ आहे, पण माथ्याखालच्या मानेचं काय होतं, हे मोजण्याचं काम बरंचसं राहूनच गेलं.

डोक्यावरच्या ओझ्यावरून आठवलं. १९८६मध्ये ‘नेचर’मध्ये केनियातल्या बायकांवर एक निबंध आला. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाइतकं ओझं त्या डोक्यावरून नेतात आणि तरी त्यांना रिकाम्या हाताने चालण्याहून जादा ऊर्जा लागत नाही, असं त्यात दिसलं. चालण्याच्या लयीत शरीर वर-खाली होतं, त्यातली ऊर्जा त्या वाया जाऊ देत नाहीत. सातपाटीहून म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन निघालेल्या कोळणीची चाल बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण ऊर्जा वाचली म्हणजे मान वाचली असं नाही. ते वेगळ्या यंत्राने मोजायचं.

आणि काही कष्टांत घामच येत नाही. चिंचणी, वरोर या किनारपट्टीच्या गावांत घरोघर डायमेकिंग चालतं. दागिन्यांची नक्षी उठवायचे साचे पोलादाच्या ठोकळ्यावर हाताने कोरायचे. कारागीर मान खाली घालून, नजर बोटाच्या टोकावर खिळवून तासन् तास बसतो. मोबाइलमधलं पावलं मोजणारं ॲप त्याला आळशी ठरवेल. त्याच्या मानेचे आणि खांद्याचे स्नायू मात्र सकाळपासून एका क्षणासाठीही सैल झालेले नसतात. सतत आखडलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून तो दुखतो. अशा माणसाला ‘रोज चाला’ सांगणं चुकीचं नाही, पण त्याच्या दुखण्याशी त्याचा संबंध थोडा. दर अर्ध्या तासाला मान वर करून खांदे फिरवणं, ठोकळ्याची उंची चार बोटं वाढवणं, उजेड बदलणं, यात त्याचं औषध आहे.

पावलांचंही एकदा सांगून टाकू. रोज दहा हजार पावलं, हा आकडा कुठल्याही शोधनिबंधातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, १९६५मध्ये, जपानच्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याला नाव दिलं ‘मानपोकेई’, दहा हजार पावलांचं यंत्र. विकायला नाव चांगलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत पावलं नाहीत, मिनिटं आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. आशाताईंच्या फॉर्ममधला १५०चा आकडा याच कुळातला.

हे सगळं बाहेरचं झालं. महाराष्ट्रात याची मुळं नाहीत असं समजण्याचं कारण नाही, उलट ती बरीच खोल आहेत. जगन्नाथ गणेश गुणे बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, पुढे अमळनेरला शिक्षक होते. तेच स्वामी कुवलयानंद. आसनं आणि क्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं, हे ‘परंपरेत सांगितलंय’ म्हणून मानायला ते तयार नव्हते. बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली त्यांनी ते पाहिलं. नौली ही पोटाची क्रिया करताना मोठ्या आतड्यात दाब किती उतरतो, हे पाऱ्याच्या नळीने मोजलं. १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं, प्रयोगांच्या आकड्यांसह. हार्वर्डची थकव्याची प्रयोगशाळा त्यानंतर तीन वर्षांनी निघाली, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ कैवल्यधामाहून दहा वर्षं आधीचं, १९१४चं. वैद्य बंधूंनी काढलेलं. त्यांच्या चमूने १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ १९२४पासून, मुंबईत कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था १९३८पासून. शरीर कमवण्याची आणि शिक्षक घडवण्याची ही परंपरा मोठी आहे. पण ती तालीम, शाळा आणि मैदान यांच्याभोवती फिरत राहिली. कारखान्याच्या फाटकात आणि शेताच्या बांधावर ती फारशी गेली नाही.

बांधावर गेलेली मंडळी दुसऱ्याच दिशेने आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे अभ्यासक. १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या बायकांच्या श्रमाची नोंद केली : शेतात किती वेळ, पाण्याचे किती हेलपाटे, घरकाम किती. २००३मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की गरोदरपणात जास्त कष्ट करणाऱ्या बायकांची बाळं वजनाने लहान निघाली. शहरातल्या गर्भवतीला डॉक्टर ‘हालचाल ठेवा’ सांगतो, ते बरोबरच आहे. विहिरीवरून हंडे आणणाऱ्या गर्भवतीला तोच सल्ला द्यायचा नसतो. तिच्यासाठी आरोग्यसंवर्धन म्हणजे अंगणात नळ.

याज्ञिकांचाच एक फोटो वैद्यकीय जगात गाजला. २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून लठ्ठ असू शकतो, हे सांगायला याहून चांगलं चित्र मिळणार नाही. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात, आणि आशाताईंच्या पिशवीत वजनकाट्याआधी टेप असतो.

आता या अभ्यासाचं प्रत्यक्ष काम कसं असतं ते पाहू. श्वासातला प्राणवायू मोजणारं यंत्र लाखोंचं असतं, ते बोईसरला कुठून आणणार? पण फूटभर उंचीचं एक लाकडी बाकडं कुठलाही सुतार करून देतो. मोबाइलवर मिनिटाला ९६ ठोक्यांचा ताल लावायचा. टक, टक, टक, टक : उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. तीन मिनिटं हेच. मग लगेच बसवायचं आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. ज्याचं हृदय सक्षम, त्याची नाडी लवकर उतरते.

ऐकायला सोपं. करायला गेलं की कळतं. नाइट करून आलेला कामगार सकाळी साडेसातला समोर उभा राहतो, तोवर त्याचा चहा झालेला असतो आणि तंबाखूचा बारही. दोन्हींनी नाडी आधीच वर गेलेली. त्याच्या मागची बाई साडी नेसलेली, पाऊल वर टाकताना निऱ्या सावरते आणि ताल चुकतो. तिसरा हसू दाबत दाबत चढतो, कारण मित्र बघतायत. चौथ्याला गुडघा दुखतो, पण ते तो सांगत नाही, नाव कंपनीत जाईल म्हणून. पुस्तकात लिहिलेली ‘प्रमाणित चाचणी’ या चौघांना लागू करण्यात विद्यार्थ्याचे दोन महिने जातात. चहापूर्वी या असं सांगायचं की चहाची नोंद करून ठेवायची, साडी असेल तर दुसरी चाचणी निवडायची का, आणि मुख्य म्हणजे आकडे मालकाला दाखवणार नाही हा विश्वास कसा द्यायचा. तीस मीटरच्या सरळ पट्ट्यावर सहा मिनिटांत किती अंतर चालतो, ही चाचणी अशा वेळी बरी पडते. समाजमंदिराबाहेरचा रस्ता पुरतो, फक्त रिक्षा यायला नको.

उन्हाचं मोजमापही तसंच. मे महिन्यात बोईसरचं तापमान विदर्भापेक्षा कितीतरी कमी असतं, तरी इथला माणूस जास्त घुसमटतो, कारण समुद्राजवळच्या दमट हवेत घाम वाळत नाही. न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही, नुसता गळतो. म्हणून श्रमशास्त्रात साधं तापमान वापरत नाहीत, एक मिश्र आकडा काढतात : ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीचे ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्या तापमापीचे २० आणि नेहमीच्या तापमापीचे १०. ओलाव्याला एवढं वजन का, ते इथे राबणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. अशा हवेची शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सुट्टीवरून परत आलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नये, हा त्यातून निघणारा साधा नियम.

राहिला दुसरा भाग, माणसं बदलण्याचा. १९८६मध्ये कॅनडातल्या ओटावाला जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत एक जाहीरनामा निघाला. आरोग्य म्हणजे फक्त डॉक्टर आणि उपदेश नव्हे, धोरण, परिसर, समाजाची उचल हेही त्यातच, असं त्यात मांडलं. बोईसरच्या संदर्भात अर्थ काय? कंट्रोल रूमच्या ऑपरेटरला ‘चालत जा’ सांगायचं, तर नवापूर नाक्यावरून टँकरांच्या गर्दीत तो कुठून चालणार? फुटपाथ हा मग व्यायामविज्ञानाचा विषय होतो. गावोगाव बसवलेल्या ओपन जिमची यंत्रं पाहावीत. संध्याकाळी त्यांवर पोरं झोके घेतात, ते चांगलंच आहे, पण ज्यांच्यासाठी ती आणली ते लांबून बघतात. यंत्र बसवण्याआधी कुणी विचारलं होतं का, की बायांना कोणती वेळ चालेल, दिवा आहे का, सासू काय म्हणेल? आरोग्यसंवर्धन शिकलेल्याचं पहिलं काम हे विचारणं.

जपानने १९२८मध्ये रेडिओवर कवायत सुरू केली आणि ती कारखान्यांत, शाळांत, चौकांत मुरली. त्यात खास व्यायाम काही नाही. ठरलेली वेळ, ठरलेलं संगीत, सगळे मिळून, कामाच्या वेळेतून. यातला शेवटचा शब्दप्रयोग महत्त्वाचा. कामाच्या वेळेतून दहा मिनिटं द्यायला कंपनी तयार झाली की अर्धा कार्यक्रम झाला.

शिकायचं कुठे? हुबेहूब या नावाची पदवी आपल्याकडे शोधत बसण्यात अर्थ नाही, वाटा वेगवेगळ्या आहेत. मणिपालला व्यायाम व क्रीडाविज्ञानात एम.एस्सी. होते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली फिजिओथेरपी करून पुढे सामुदायिक किंवा क्रीडा शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. अमरावती, पुणे इथे दोन वर्षांचं एम.पी.एड. आहे, त्यात व्यायामाचं शरीरशास्त्र आणि मापन शिकवतात. समाजाच्या अंगाने जायचं तर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य. राज्याने २०२०मध्ये पुण्यात बालेवाडीला क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. आणि एक पत्ता बहुतेकांना ठाऊक नसतो : सायनची केंद्रीय श्रम संस्था, जिथे श्रमाचं शरीरशास्त्र आणि एर्गोनॉमिक्स हा विभागच आहे. बोईसरहून दादरला उतरायचं, मध्य रेल्वे पकडायची, दोन स्टेशनं. २०१३मध्ये डहाणूपर्यंत लोकल येऊ लागल्यापासून पालघरच्या कितीतरी पोरापोरींचं शिक्षण या रुळांवरच झालंय.

नोकरीचं खरं सांगायला हवं. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी आणला, पुढे दुरुस्तीने हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी आला. व्यायामविज्ञान शिकलेल्यासाठी कुठलीच खुर्ची कायद्याने ठेवलेली नाही. त्यामुळे या विषयाची बरीच मुलं मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत हृदयरोग्यांच्या पुनर्वसनात, खेळाडूंच्या संघांत किंवा आयटी कंपन्यांच्या ‘वेलनेस’ कार्यक्रमांत जातात. तिथे पगार बरा असतो आणि माणसं बसून काम करणारी असतात, पाठ्यपुस्तकातल्यासारखी. सुरक्षेची पदविका जोडीला घेतलेला कुणी एमआयडीसीत शिरला, तर त्याला हेल्मेट आणि अग्निशमन आधी सांभाळावं लागतं. माझ्या मते, तरीही बोईसरसारख्या ठिकाणचा विद्यार्थी इतरांच्या चार पावलं पुढे असू शकतो. पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत अणुवीज केंद्राची वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत, कोळीवाडा आहे, डायमेकर आहेत, भातशेती आहे. इतक्या तऱ्हेचं दमणं एका ठिकाणी पाहायला मिळेल अशी प्रयोगशाळा कुठल्या विद्यापीठाने बांधायची म्हटली तरी बांधता येणार नाही.

प्रबंधाचा विषय शोधत लांब जायची गरज नाही. त्या फॉर्ममधलाच प्रश्न घ्यावा. ‘दीडशे मिनिटं होतात का’ याच्या खाली आणखी तीन ओळी वाढवून पाहाव्यात : ही हालचाल कशासाठी? दमल्यावर थांबता येतं का? रात्री किती तास झोप? पाच पाडे आणि पाच कंपन्यांत तो फॉर्म भरून घ्यायचा, सोबत कमरेचा घेर, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ते बाकडं. परवानगीसाठी ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, कंपनीचा एच.आर. आणि कॉलेजची नीतिसमिती, चारही ठिकाणी अर्ज. पाड्यावर जायचं तर आवणी संपल्यावर, नाहीतर कुणी भेटणार नाही. आणि कंपनीत जायचं तर पहिली पाळी सुटताना, फाटकाबाहेर बस लागायच्या आत, हातात साधारण बारा मिनिटं धरून.